सत्तावीस नंबरचं पाडस

३ मार्च, सोमवार

सभा संपवून आत्ता आले. फायर स्टेशनच्या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या. विषय एकच, एल्क, इकडची ती घोड्याएवढी हरणं, कमी का झाले. डावीकडे शिकारी, उजवीकडे ऑफ-रोड गाड्यांचा क्लब, सगळ्यांचे एकसारखे टी-शर्ट. मला वाटलं होतं जुंपेल. जुंपली नाही. शिकारी म्हणाले माउंटन लायन माजलेत. गाडीवाले म्हणाले, बरोबर, लायनच. एक जण बराच वेळ लांडग्यांवर बोलला, ते इकडे अजून धड पोचलेलेही नाहीत. शेवटी एक रिटायर्ड शिक्षिका उठून म्हणाली, आपण आता बारा महिने जंगलात असतो, दर शनिवारी गाड्या, कुत्री, तंबू, त्याचं काय? कोणी हसलं नाही. पुढचं नाव पुकारलं, एवढंच.

लायनच्या बाजूने बोलायला अर्थात कोणी आलं नव्हतं.

लिंडा, माझी बॉस, म्हणाली, या वर्षी नवजात पाडसांच्या गळ्यात सिग्नल देणारी कॉलर लावतो आहोत, ती कशाने मरतात ते कळेल, हिवाळ्याआधी उत्तर मिळेल. टाळ्या. ते उत्तर मी काढायचं. दहा वर्षं चँडलरला बँकेच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग केलं, आता कंत्राटी कंपनीमार्फत वन्यजीव खात्यात ही नकाशे आणि कॉलरच्या डेटाची नोकरी. सोमवार ते गुरुवार इथे वर, रिमवर, म्हणजे पठाराच्या कड्यावर, राहायच्या ट्रेलरमध्ये. बाकी खाली चँडलरला घरी. बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, म्हणजे शेवटी फॉरेस्टमध्येच आलीस. खूश झाले होते.

२१ मार्च, शुक्रवार

नवऱ्याची, मिलिंदची नोकरी गेली. अकरा वर्षं त्याच चिप प्लांटमध्ये. सकाळी मीटिंगचं इन्व्हाइट आलं, दुपारी बॅज चालेना.

घरी आले तर तो गॅरेज झाडत होता. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "आता आपल्या दोघांचं स्टेटस तुझ्या व्हिसावर. तेवढं सांभाळ."

लेकीला, रेवाला त्यानेच सांगितलं. ती इथली सिटिझन, इथेच जन्मलेली, तिला या गोष्टी नकाशावरच्या देशासारख्या दूरच्या. तरी रडली.

१५ एप्रिल, मंगळवार

दिवसभर वॉल्टच्या पिकअपमध्ये. वॉल्ट सत्तरीच्या पुढचा. चाळीस वर्षं कुत्री घेऊन लायनची शिकार केली, आता गुडघे गेले म्हणून कुत्री विकली. ऑफिसने त्याला माग काढायला ठेवलाय. मेलेलं जनावर बघून कोणी मारलं, कुठून धरलं, कधी, सगळं सांगतो. मला ॲना म्हणतो. अनघा त्याच्या जिभेवर बसत नाही.

वाटेत वाद. मी म्हटलं, शुक्रवार दुपारपासून रविवारपर्यंत कळप कुरण सोडून वरच्या खडकांत जातो, माद्यांच्या कॉलरवरून माझ्याकडे नकाशावरचे दर दोन तासांचे पॉइंट्स आहेत. तिथे चारा नाही. माद्या गाभण आहेत.

"गाडी एल्कला खात नाही," वॉल्ट म्हणाला.

"खात नाही, पण जेवूही देत नाही."

त्याने गिअर बदलला. मग म्हणाला, "लायनने खाल्लेली पाडसं मी हाताने उकरून काढलीत. तू पॉइंट्स बघतेस."

खरं आहे. मी अजून एकही मेलेलं जनावर बघितलेलं नाही.

आईचा फोन. सिंह आहेत का गं तिकडे? म्हटलं आपला सिंह नव्हे, आयाळ नसते, बिबट्याएवढा, अंगावर ठिपके नाहीत. तर म्हणाली, मग सिंह कशाला म्हणतात.

१६ मे, शुक्रवार

मराठी मंडळाचा कॅम्प यंदा रिमवर. गेल्या वर्षी उकाड्याने सगळ्यांचे हाल झाले म्हणून वर येतायत. प्रशांतचा मेसेज, "वहिनी, तुम्ही तर आता एल्कवाल्या. पोरांना एल्क कुठे दिसतील?" प्रशांत मिलिंदचा पहिल्या नोकरीतला मित्र. मिलिंदचा रेझ्युमे सध्या तोच चार ठिकाणी फिरवतोय.

मोठ्या कुरणाचं पिन टाकलं ग्रुपवर. खाली लिहिलं, लांबून बघा, सकाळी लवकर जा. त्याने अंगठा टाकला.

टाकावं की नाही, असा विचार मनात आला का? खरं सांगायचं तर नाही. बरं वाटलं. सगळ्या ग्रुपमध्ये मला एकटीलाच माहीत असलेली गोष्ट.

२८ मे, बुधवार

सत्तावीस नंबर व्याली. (कॉलर नंबर २७. थोराड मादी, डाव्या कानाला चीर.) वॉल्ट आणि मी पहाटे कुरणाच्या कडेला पोटावर पडून होतो. ती पाणी प्यायला उतरली तेव्हा पाडसापाशी गेलो. गवतात मान जमिनीला टेकवून पडलेलं, अंगभर पांढरे ठिपके. जरा हललं नाही. पहिले काही दिवस त्यांचं शहाणपण तेवढंच, हलायचं नाही, वासही जवळजवळ नसतो, आई लांब चरते आणि दूध पाजायला येते.

हातमोजे घालून कॉलर बांधली. छाती माझ्या तळव्याखाली इतक्या जोरात उडत होती की मी बकल लावताना चुकले. वॉल्टने माझ्या हातावर हात ठेवला आणि लावून दिलं.

परत येताना आम्ही दोघंही वाद विसरलो होतो. त्याने थर्मासमधली कॉफी दिली. पाणचट. सगळी प्यायले.

१ जून, रविवार

चँडलर. कॅम्पवरून सगळे संध्याकाळी परतले. रेवाला प्रशांतने सोडलं, मागे ट्रेलरवर त्याची नवी साइड-बाय-साइड, ती चार सीटची उघडी डोंगरात पळवायची गाडी. धुळीने लाल. रेवाचे केसही लाल. खूप दिवसांनी इतकी हसताना पाहिली.

"आई, यू हॅव टु सी धिस."

व्हिडिओ. प्रशांत चालवतोय, रेवा शेजारी, मागे दोन पोरं ओरडतायत. कुरणाच्या मधून. पुढे एल्क पळतायत, दहा-बारा माद्या. गाडी त्यांच्या मागे. मग एक मादी बाजूला वळते, थांबते, परत फिरायला बघते, गाडी तिच्याच दिशेने जाते आणि ती झाडीत. कॉलर दिसते. कानाची चीर दिसते.

रेवा म्हणाली, "ती आमच्याकडे बघत होती, सो क्यूट."

मी म्हटलं, छान. मग म्हटलं, केस धू.

सगळ्यांना चहा केला. प्रशांत दारातून म्हणाला, "वहिनी, तुमचं पिन एकदम बरोबर होतं."

३ जून, मंगळवार

सकाळी सव्वासातला सिग्नल आला. पाडसाची कॉलर काही तास हलली नाही की आपोआप मेल येतो. सत्तावीसचं.

शोधायला वॉल्टला अर्धा तास लागला. पाडस कुरणापासून थोडं वर, ज्युनिपरच्या झुडपाखाली, पाचोळा ओढून झाकलेलं. लायन तसंच ठेवतो, परत येऊन खायला. मानेवर दातांच्या खुणा. वॉल्टने सुरीने उघडून दाखवलं. आत दूध नव्हतं. थोडंसंही नाही.

"दोन दिवसांचं उपाशी," तो म्हणाला. "आई आलीच नाही. असं पिल्लू शेवटी उठून हाका मारत फिरतं. मग कोणालाही सापडतं."

मी म्हटलं, लायननेच मारलं ना पण.

"लायननेच मारलं."

खाली कुरणात चाकांच्या खुणा होत्या. अजून ताज्या. त्याच्या आणि माझ्या मध्ये. त्याने बघितल्या की नाही कळलं नाही. मी बूट घासत त्यांच्यावरून चालत गेले.

ट्रेलरमध्ये येऊन सत्तावीसचे पॉइंट्स उघडले. रविवार सकाळपर्यंत कुरण. मग एकदम सरळ रेघ, हायवे ओलांडून पलीकडच्या दरीत. परत फिरायचा प्रयत्न दोनदा, दोन्ही वेळा हायवेपाशी येऊन थांबली, रविवारचा परतीचा ट्रॅफिक. सोमवारी सकाळी कुरणाकडे आली. तेव्हा तिथे दुसऱ्या कोणाचे तंबू होते, वर येताना मीच पाहिले होते. मग गेली ती गेलीच.

रेवाच्या व्हिडिओवर वेळ आहे. मी पडताळून बघितली नाही. बघायची गरज नव्हती.

४ जून, बुधवार

फॉर्म भरला. मृत्यूचं कारण, एक रकाना, त्यात यादीतला एकच शब्द निवडायचा. लायन. अस्वल. कोयोटी. आजार. उपासमार. वाहन. अज्ञात. खाली टिप्पणीची मोठी चौकट.

लायन निवडलं. चौकट रिकामी ठेवली. सही माझी, साक्षीदार म्हणून वॉल्टची. त्याने फॉर्म वाचला, चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली घेतला, आणि सही केली.

खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही. दिवसभर स्वतःला हेच सांगतेय.

१० जून, मंगळवार

बाबांना फोन केला. आधी तब्येत, मग आंबे, मग विचारलं, बाबा, तुम्ही पंचनामा करायचात तेव्हा दोन कारणं असली तर काय लिहायचात? ते जंगलात वनपाल होते तीस वर्षं.

"काय करून राहिली तू तिकडे?" त्यांनी उलट विचारलं.

सांगितलं. सगळं नाही. रेवा गाडीत होती ते नाही.

बाबा म्हणाले, "एकदा विहिरीत पडून बिबट मेला. मी लिहिलं, विहिरीत पडून. त्याच्या मागे गाव लागलं होतं काठ्या घेऊन, ते नाही लिहिलं. सगळे ओळखीचे होते ना बाप्पा." मग म्हणाले, "अजून लक्षात आहे, बघ ना."

मला वाटलं होतं ते सांगतील काय करायचं. त्यांनी आईला फोन दिला.

८ जुलै, मंगळवार

पाडसं मरतच आहेत. लायन, अस्वल, लायन. दर वेळी मी आईचे पॉइंट्स बघते. काहींचं खरंच काही नाही, निवांत कुरण, जनावराने जनावर खाल्लं, संपलं. वॉल्ट अगदीच चूक नाही. पण काहींच्या मागे तीच सरळ रेघ, शुक्रवार किंवा शनिवार. मी टिप्पणीत आता लिहिते, "मादी विस्थापित, मानवी वावर शक्य." शक्य. पहिल्यात लिहिलं नाही म्हणून पुढच्यांत जोर येत नाही. ठळक लिहावं तर कोणीतरी मागचेही उघडून बघेल अशी भीती.

लिंडाने शिकारीचे नियम ठरवणाऱ्या समितीसाठी एक चार्ट मागितला, एकच, सोपा. कारणाच्या रकान्यावरून केला. भक्षकांचा खांब उंच, बाकी सगळे ठेंगणे. टिप्पण्या चार्टमध्ये येत नाहीत. मी म्हटलं, एक दुसराही चार्ट देते, माद्यांच्या हालचालींचा. लिंडा म्हणाली, "समितीला एकच स्लाइड मिळते. ते लोक दमलेले असतात, ॲना." तीही आता ॲना म्हणते.

लिंडा वाईट नाही. मुलगी आजारी, स्वतः दोन माणसांचं काम करते.

१४ ऑगस्ट, गुरुवार

समितीचा निर्णय. यंदाच्या हिवाळ्यात या भागात लायनच्या शिकारीचे परवाने वाढवायचे. विणीच्या दिवसांत कुरणाचे रस्ते बंद ठेवण्याचा प्रस्ताव मागे. त्याऐवजी पाट्या लावणार, "कृपया वन्यजीवांचा आदर करा."

माझा चार्ट भिंतीभर मोठा दिसत होता. कोपऱ्यात माझं नाव, स्पेलिंग बरोबर.

रेवा आली होती. मीच म्हटलं होतं ये, आईचं काम बघ. चार्ट पाहिला आणि माझ्याकडे वळली. ती हुशार आहे. कुरणापाशी एक पाडस मेलं एवढं मी तिला सांगितलं होतं, कशाने ते नाही. हळू आवाजात म्हणाली, "आई, दॅट वन. द काफ नियर द मेडो. इज इट इन धिस?"

मी म्हटलं, हो.

"ॲज लायन?"

हो.

"पण आम्ही—"

"रेवा, इथे नको."

बोलणाऱ्यांची यादी दाराशी होती. ती उठून नाव लिहायला गेली. मी तिच्या मागे गेले आणि तिच्या हातातून पेन घेतलं. ओढून नाही. नुसतं घेतलं. म्हटलं, माझी नोकरी गेली तर बाबाला आणि मला हा देश सोडायला लागेल, कळतंय का तुला? प्रशांत काकाचं नाव येईल. तुझं येईल.

ती एवढंच म्हणाली, "यू टोल्ड देम व्हेअर टु गो." कुठे जायचं ते तूच सांगितलंस.

बाहेर जाऊन गाडीत बसली. मी आत. निर्णयाला सगळ्यांनी हात वर केले.

१७ ऑगस्ट, रविवार

रेवाला तुसॉनला कॉलेजमध्ये सोडलं. दोन तासांच्या ड्राइव्हमध्ये मिलिंद एकटा बोलत होता, लाँड्री, पार्किंग परमिट, रूममेट. खोलीत सामान लावलं. गादीवर चादर मी घालत होते तर म्हणाली, "आय गॉट इट." निघताना बाबाला मिठी मारली. मला पण मारली, पण एका हाताने.

येताना मिलिंदला सांगितलं, सगळं. त्याने लेन बदलली. मग म्हणाला, "अगं, एक हरणाचं पिल्लू." मग बऱ्याच वेळाने, "सॉरी." कशाबद्दल ते मी विचारलं नाही. त्याला अजून नोकरी नाही. प्रशांतच्या ओळखीने उद्या एक इंटरव्ह्यू आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार

लिहायचं सोडलं होतं. लिहिण्यासारखं काही उरलं नाही असं नाही, बघवत नव्हतं.

कळपात पाडसं फारच कमी. नर सकाळी साद घालतात, माद्या आहेत, मधे लहान पाठी असायला हव्यात त्या नाहीत. सत्तावीस एकटी चरते. दुसऱ्या माद्यांपासून जरा लांब. हे मला वाटतं की खरंच तसं आहे, सांगता येत नाही. पॉइंट्सना विचारलं तर पॉइंट्स म्हणतात लांब असते.

वॉल्टला आज सांगितलं. पिकअपमध्ये, इंजिन बंद करून. प्रशांत, रेवा, व्हिडिओ, पिन. तो समोर बघत होता.

"चाकाच्या खुणा मी बघितल्या होत्या," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"तू लिहिशील म्हणून थांबलो. मग तू नाही लिहिलंस." खिडकीची काच खाली केली, परत वर केली. "आणि खरं सांगू, मला बरंच वाटलं. चाळीस वर्षं मी म्हणतोय लायन. कागदावर लायन आलं. मी सही केली."

 परतताना त्याने मला ट्रेलरच्या अगदी पायरीपर्यंत सोडलं. एरवी फाटकाशी सोडतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दुरुस्तीचा मेल लिहिला. ३ जूनचा मृत्यू, पाडस २७. कारण लायन, तेच ठेवलं. टिप्पणी: दोन दिवस उपाशी, मादी १ जूनला वाहनाने पाठलाग करून पिटाळलेली, वाहनात माझी मुलगी, जागा मी सांगितलेली, हे सर्व मला फॉर्म भरताना माहीत होतं. व्हिडिओ जोडला नाही. रेवाला विचारल्याशिवाय जोडणार नाही.

पाच वेळा वाचला. एकदा "माझी मुलगी" काढून "कुटुंबीय" केलं. परत "माझी मुलगी" केलं. पाठवला.

वाटलं होतं हलकं वाटेल. नाही वाटलं. वरणभात केला आणि तसाच ठेवला.

रेवाला मेसेज केला, करेक्शन पाठवलं. दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

लिंडाचा फोन. आवाज सावध. मेल तिने वाचलाय, पण फाइलला लावला नाही. म्हणाली, लावला की तो सार्वजनिक. मग समिती विचारणार आणखी किती फॉर्म असे. सगळा हंगाम वाया जाईल, ज्यांना अभ्यासच नको होता ते म्हणतील बघा. आणि जानेवारीत माझ्या कंपनीचं काँट्रॅक्ट रिन्यूला आहे.

"आणि याने काय बदलतं? लायननेच मारलं ना?"

हे वाक्य मी वॉल्टला म्हटलं होतं, त्या ज्युनिपरखाली. फोनवर ऐकताना कळलं किती वाजवी वाटतं ते.

म्हणाली, घाई नाही. थँक्सगिव्हिंगनंतर सांग, मागे घ्यायचा की लावायचा.

मिलिंदला सांगितलं. तो म्हणाला, तू ठरव. त्याचा अर्थ दोन्ही होऊ शकतो. त्याचा तो इंटरव्ह्यू पुढे सरकलाच नाही. घर विकायचं झालं तर काय काय रंगवावं लागेल याची यादी फ्रिजवर लावलीय, सहज म्हणून.

२ डिसेंबर, मंगळवार

परवाने वाढल्यापासूनचा पहिला लायन आज आमच्या भागात. खालच्या गावातले तिघं, कुत्री घेऊन. नियमाप्रमाणे नोंदीला आणला. मी टेबलाशी होते, वजन, लांबी, दात बघून वय. मादी होती, पिकअपच्या मागच्या फळीवर आडवी. झोपलेल्या मांजरीसारखी, फक्त खूप मोठी. शिकारी तरुण होता, सभ्य, मॅम मॅम करत होता. फोटो काढू का विचारलं.

वॉल्टने तिला उलटी केली आणि थांबला. पोटाशी हात लावला. बोटं ओली.

"दूध आहे हिला."

तरुण पांढरा पडला. म्हणाला, एकटीच होती, सर, पिल्लं दिसली असती तर कुत्री लगेच बांधली असती, शपथ. वॉल्ट म्हणाला, माहीत आहे. त्या पिल्लं लपवून येतात.

मी फॉर्मवर लिहिलं, मादी, दूध येत असलेली. या वेळी चौकट पूर्ण भरली. जागा, वेळ, सगळं.

पिल्लं शोधायला लगेच निघालो, चौघं, वॉल्ट, मी, तो तरुण आणि त्याचा एक जोडीदार. अंधार पडेपर्यंत काही नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

तिसरा दिवस शोधाचा. वॉल्ट, मी आणि तो तरुण. त्याने दोन दिवस कामावर सुट्टी टाकलीय. वॉल्टचा गुडघा सुजलाय, काठी घेऊन चालतो. म्हणतो, पिल्लं दूध पिण्याएवढी लहान असतील तर आठवडाभर काढतील, थंडीत कमी. वर ढग आलेत, उद्या दुपारनंतर बर्फ सांगितलाय.

वाटेत एकदा बसलो तेव्हा त्याला विचारलं, आता तुला काय वाटतं, एल्क कशामुळे कमी झाले? तो म्हणाला, "मला आता विचारू नकोस." रागाने नव्हे. दमून.

लिंडाचा मेल, उद्या शुक्रवारपर्यंत कळव. लावायचा की मागे घ्यायचा. खाली, "तुझा निर्णय काहीही असो, मी समजू शकते." रेवाचा आज पहिल्यांदा मेसेज. करेक्शनबद्दल नाही. "डिड यू फाइंड देम?" वॉल्टने कोणाला तरी सांगितलं असेल, का मिलिंदने. मी लिहिलं, अजून नाही. तिने लिहिलं, "व्हिडिओ हवा तर सांग." मग काही नाही.

चारच्या सुमाराला ओढ्याच्या काठी वाळूत ठसे दिसले. लहान, माझ्या अंगठ्याएवढे. वॉल्ट काठी टाकून गुडघ्यांवर बसला. ठसे पाण्यापर्यंत जातात, काठाने थोडे वर, मग खडक लागतो. एकाच पिल्लाचे की दोघांचे हे त्याला सांगता येईना. ताजे आहेत एवढं म्हणाला. तो तरुण खडकांमध्ये शिरून हळू आवाजात काहीतरी बोलावत राहिला, मांजराला बोलावतात तसं.

उद्या सकाळी सातला परत जायचं ठरलंय, बर्फाच्या आधी. लिंडाला अजून काही लिहिलेलं नाही.